४९९ रुपयांचं डिक्शनरी ॲप आणि ‘दृढमूल’वर निघालेली त्याची हवा

रेटिंग आधीच सांगून टाकते, पाचपैकी अडीच. त्यातला अर्धा स्टार फक्त ऑफलाइन चालतं म्हणून, कारण आमच्याकडे रत्नागिरी जिल्ह्यात पावसाचे चार महिने नेटचा भरवसा नसतो आणि लाईट गेली की थोड्या वेळानं टॉवरपण मान टाकतो. ॲपचं नाव टाकत नाही. अशी पाच-सहा ॲपं आहेत आणि सगळ्यांच्या पोटात एकच माल भरलाय असा मला दाट संशय आहे, मग एकालाच कशाला झोडपा. (हा ‘दाट संशय’ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.)

मी भाषांतराची कामं करते. मोठी नाहीत, पत्रकं, ट्रेनिंगच्या पुस्तिका, कधी कुणाच्या पोराचं परदेशातल्या ॲडमिशनचं पत्र, असलं काहीबाही. फुकटच्या व्हर्जनमध्ये दर दोन शब्दांनी जाहिरात यायची, एकदा तर मी ‘अंत्यसंस्कार’ शोधत होते आणि वर रमीची जाहिरात नाचत होती, तेव्हा वैतागून वर्षाचे ४९९ भरले आणि प्रो घेतलं. प्रोमध्ये काय मिळतं तर जाहिराती बंद, उदाहरणाची वाक्यं, शब्द बोलून दाखवणारा आवाज आणि रोज सकाळी सात वाजता ‘आजचा शब्द’. साध्या शब्दांना ॲप चांगलं आहे हे आधी कबूल करते. भाज्यांची नावं, अवयवांची नावं, सुताराची हत्यारं, बँकेतले शब्द, सर्च झटपट होतो, स्पेलिंग चुकलं तरी ओळखतं. दोन महिने मी खूष होते.

मग जूनमध्ये सर्पदंशावरची एक पुस्तिका आली. बारा पानं, इंग्लिशमधून मराठीत, आणि वाचणार कोण तर आशाताई, म्हणजे त्या वाड्यावाड्यांवर बायकांना गोळा करून मोठ्यानं वाचून दाखवणार. आमच्याकडे हा विषय पुस्तकातला नाहीच. फुरसं कातळावर दगडाखाली सापडतंच, नाग, मण्यार आणि घोणस पण आहेत, आणि सरकारी दवाखान्यात जे सापाचं इंजेक्शन मिळतं ते या चौघांच्या विषावर चालतं, एवढं इथल्या शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं. आणि तरी चावला की पहिली गाडी कुठे वळते ते विचारू नका.

तिसऱ्या पानावर नेमकं तेच वाक्य होतं. लोक आधी मांत्रिकाकडे जातात कारण त्यांच्या ‘डीप-रूटेड बिलीफ्स’ असतात. बस, एवढंच. दोन शब्द. मला वाटलं दोन मिनिटांचं काम, आणि त्या दोन शब्दांनी माझा पूर्ण दिवस खाल्ला.

ॲपनं ‘डीप-रूटेड’ला दिलं: खोल मूळ असलेला, गहरा, दृढ. आता ‘गहरा’ मराठीत कुठून आला हे त्यांनाच ठाऊक. ‘बिलीफ’ला दिलं: श्रद्धा, विश्वास, मान्यता. आता ह्यांची जोडी लावून बघा. ‘खोल मूळ असलेल्या श्रद्धा’ हे ऐकून मला गाजर आठवलं. ‘दृढ मान्यता’ म्हटलं तर आमच्या आशाताई समजणार की मांत्रिकाला सरकारनं कायमची मान्यता दिली! कारण हिंदीत ‘मान्यता’ म्हणजे लोकांची समजूत, पण मराठीत मान्यता म्हणजे मंजुरी, शाळेला मिळते ती, कॉलेजच्या तुकडीला मिळते ती. हा एकच शब्द बघून कळलं की ह्यांनी मराठीचा कोश बनवलेलाच नाही, हिंदीचा उचलून वर ‘आहे’ चिकटवलंय. आणि तो बोलून दाखवणारा आवाज पण ‘दृढ’ला ‘द्रिढ’ म्हणतो, आपण मराठीत ‘द्रुढ’ म्हणतो ना, ‘कृष्ण’ला ‘क्रुष्ण’ म्हणतो तसं. पैसे भरलेत, तर निदान आवाज तरी आपल्याकडचा लावा की.

म्हटलं दुसरे शब्द टाकून बघू, इंग्लिशमध्ये ह्याच अर्थाची अख्खी भावकी आहे. ‘एन्ट्रेंच्ड’ टाकलं तर आलं ‘खंदक खणून सुरक्षित केलेला’. ‘इन्ग्रेन्ड’ टाकलं तर आलं ‘दाणेदार’. मी एकटीच घरात हसत बसले, सासूबाई स्वयंपाकघरातून विचारतायत काय झालं गं, काय सांगू, म्हटलं आई, लोकांच्या समजुती आता रव्यासारख्या दाणेदार झाल्यात.

पण खरं सांगू का, त्या दोन्ही चुका अगदीच अडाणी नाहीत. ‘एन्ट्रेंच्ड’मध्ये ट्रेंच म्हणजे खंदक खराच आहे, सैनिक खंदकात दबा धरून बसला की त्याला हलवणं मुश्किल, म्हणून हटता न हटणाऱ्या मताला तो शब्द लागला. आणि ‘इन्ग्रेन्ड’मधला दाणाही खरा. युरोपात लाल रंग एका किड्यापासून काढायचे, ते किडे वाळले की धान्याच्या दाण्यासारखे दिसायचे म्हणून त्या रंगालाच दाणा म्हणायचे, आणि त्यात बुडवलेलं कापड कितीही धुतलं तरी रंग सोडायचं नाही. त्याच किड्याच्या अरबी-फारसी नावावरून आपल्याकडे ‘किरमिजी’ आला. म्हणजे शब्दाचा किडा आपल्या घरात आधीपासून आहे, आणि त्या अर्थाला आपण काय म्हणतो, तर ‘पक्का’. पक्का रंग, तसं डोक्यात पक्कं. ॲपला हे सांगायला कुणी नव्हतं, त्यानं शब्द फोडला आणि आतला दाणा ताटात वाढला.

मग ॲप मिटलं आणि कपाटातून जाडजूड मोल्सवर्थ काढला. माझ्याकडे १९७५ साली पुण्याहून निघालेल्या पुनर्मुद्रणाची प्रत आहे, सासऱ्यांची, कणा दोनदा चिकटवलेला, ‘प’च्या पानांवर चहाचा डाग. मोल्सवर्थ हा कंपनीच्या फौजेतला साहेब, त्यानं कँडी बंधू आणि शास्त्रीमंडळी हाताशी धरून १८३१ मध्ये मराठी-इंग्लिश कोशाची पहिली आवृत्ती काढली, आणि १८५७ मध्ये दुसरी, त्यात शब्द साठ हजारांच्या घरात गेले. ह्या कोशात एक गोष्ट आहे जी माझ्या प्रोमध्ये नाही. नामापुढे तो बारक्या अक्षरात लिहितो की ह्याच्याबरोबर कुठलं क्रियापद लागतं, कर की दे की लाव की घे. म्हणजे शब्द एकटा नाही देत, त्याच्या शेजाऱ्यासकट देतो. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या साहेबाला हे कळलं होतं की परक्या माणसाला अर्थ पटकन समजतो, पण तो शब्द कुणाशेजारी बसतो ते कळायला हयात जाते. हां, आता त्याचं इंग्लिश जुनं आहे, टाइप बारीक आहे, चष्म्यावर भिंग धरून वाचावं लागतं, आणि उलटीकडून म्हणजे इंग्लिशवरून मराठी शोधायचं तर तो उपयोगाचा नाही, त्याला कँडीचा १८४७ चा कोश वेगळा आहे. घरी प्रत नसेल तरी अडत नाही, शिकागो विद्यापीठानं मोल्सवर्थ ऑनलाइन फुकट ठेवलाय. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश (सात खंड, १९३२ ते १९३८, मग १९५० मध्ये पुरवणी) तोही तिथे आहे. आणि बृहद्कोश नावाची साइट आहे तिच्यावर एक शब्द टाकला की बऱ्याच कोशांतला माल एका पानावर येतो. ह्या सगळ्याला शून्य रुपये. माझ्या ४९९ कडे बघून मला जरा कसंसंच झालं.

तर ‘दृढमूल’. हा शब्द मला कोशात शोधायची गरज पडली नाही, तो डोक्यात होताच, अग्रलेख वाचून वाचून. ‘समाजात दृढमूल झालेल्या समजुती’, हे वाक्य मराठी पेपर वाचणाऱ्या प्रत्येकानं पन्नासदा वाचलं असेल. दृढ अधिक मूल, बहुव्रीही समास, ज्याचं मूळ घट्ट आहे ते. इंग्लिशमधल्या ‘डीप-रूटेड’चा सख्खा भाऊ वाटतो, पण फरक आहे बरं का. इंग्लिशमध्ये मूळ खोल आहे, आपल्याकडे मूळ घट्ट आहे. खोल आणि घट्ट एकच नव्हे. संस्कृत कोशांत ‘दृढमूल’चा एक अर्थ चक्क नारळाचं झाड असा दिलेला आहे, आणि नारळ आमच्या दारात सात आहेत म्हणून सांगते, नारळाला सोटमूळ नसतं. मुळाशी खणून बघा, करंगळीपेक्षा बारीक शेकडो मुळं झुपक्यानं सगळीकडे पसरलेली दिसतात. खोल जाणारं एक जाडजूड मूळ नाहीच, तरी निसर्ग वादळात (३ जून २०२०, विसरणं शक्य नाही) आमच्या वाडीतली आंब्या-फणसाची झाडं मुळासकट आडवी झाली आणि नारळ बरेचसे झावळ्या गमावून उभे राहिले. ज्यानं कुणी नारळाला दृढमूल म्हटलं त्यानं झाड बघितलं होतं.

आणि मग मला ते मांत्रिकाचं प्रकरण पण वेगळं दिसायला लागलं. ती समजूत काही एका खोल मुळावर उभी नाही, बारीक बारीक शेकडो मुळांवर आहे. बहुतेक साप बिनविषारी. विषारी चावला तरी दरवेळी विष सोडतोच असं नाही, कोरडा चावा असतो. म्हणजे मांत्रिकाकडे नेलेल्यातले बरेच जण काही न करताही वाचणारच होते, आणि वाचलेला प्रत्येक माणूस गावभर सांगत फिरतो की बुवानं उतरवलं. जो गेला तो सांगायला येत नाही, त्याच्याबद्दल म्हणतात उशीर झाला होता, किंवा मागे वळून बघितलं म्हणून मंत्र लागला नाही. झालं, मुळाला आणखी एक तंतू. हे पुस्तिकेत होतंच, पण ‘दृढमूल’ शब्दाशी झटापट करेपर्यंत मला त्या दोन परिच्छेदांचा एकमेकांशी संबंध लागला नव्हता.

संध्याकाळी सासूबाई दिवा लावून गीतेचा पंधरावा अध्याय म्हणत होत्या. रोजच म्हणतात, माझं रोज लक्ष नसतं. तिसऱ्या श्लोकाला कान टवकारले, ‘अश्वत्थमेनं सुविरूढमूलम्’. अरे! हाच की. आणि पुढच्याच चरणात ‘असङ्गशस्त्रेण दृढेन छित्त्वा’. म्हणजे मूळ घट्ट रुजलेलं, आणि ‘दृढ’ हे विशेषण तिथे मुळाला नाही तर ते कापणाऱ्या शस्त्राला लावलंय. मी म्हटलं आई, परत म्हणा ना तो श्लोक, तर म्हणाल्या मध्ये थांबवू नये, पूर्ण होऊ दे. पूर्ण झाल्यावर मी ‘सुविरूढ’चा अर्थ विचारला तर म्हणाल्या, “रुजलेलं गं, चांगलं रुजलेलं. आपण रूढ म्हणतो ना, रूढी, तेच ते.” ॲपची वर्गणी ह्यांना द्यायला पाहिजे होती.

‘रूढ’ आणि ‘दृढमूल’ ह्यांत मात्र आज मोठं अंतर पडलंय. मुळात ‘रूढ’ म्हणजे उगवलेलं, वाढलेलं, पण आता रूढ म्हणजे नुसतं चालू असलेलं, पसरलेलं. मांजर आडवं गेलं की थांबायचं ही समजूत रूढ आहे. मी स्वतः स्कूटर थांबवते, दुसऱ्या कुणाची गाडी पुढे जाऊ देते, मग स्वतःवरच हसते आणि निघते. उद्या ही समजूत गेली तर माझं काही दुखणार नाही. ती पसरलेली आहे, रुतलेली नाही. मुलाला साप चावल्यावर पाय मांत्रिकाच्या घराकडे वळतात ते दृढमूल. हा फरक मला कुठल्या ॲपनं सांगितला असता तर मी पुढच्या तीन वर्षांची वर्गणी एकदम भरली असती.

आणि ह्यातच खरी मेख आहे, जी एका ओळीत एक अर्थ देणाऱ्या कोशाला कधीच जमणार नाही. ‘दृढ श्रद्धा’ आणि ‘दृढमूल समजूत’, मध्ये फक्त एक ‘मूल’ जास्त आहे पण माणूस बदलतो. दृढ श्रद्धा कौतुकानं म्हणतात, आमच्या सासूबाईंची विठ्ठलावर दृढ श्रद्धा आहे. ‘दृढमूल समजूत’ नेहमी दुसऱ्याची असते. ‘माझी अशी दृढमूल समजूत आहे की’ असं स्वतःबद्दल बोललेलं कुणी ऐकलंय का? माझं मत ‘ठाम’ असतं, त्यांची समजूत ‘दृढमूल’ असते, आणि ज्याच्याशी आपलं भांडण आहे त्याचा ‘पूर्वग्रह’ असतो. तीच गोष्ट, फक्त बोलणारा कुठे उभा आहे त्यावर शब्द बदलला. ‘कट्टर’ तर मताला लागतच नाही फारसा, तो माणसाला लागतो, कट्टर वैरी, कट्टर चाहता. विश्वास ‘गाढ’ असतो नाहीतर ‘अढळ’ असतो (अढळ म्हटलं की ध्रुवाचा तारा, दुसरं काही नाही), भक्ती ‘निस्सीम’ असते, खात्री ‘पक्की’ असते, गैरसमज ‘घट्ट’ बसलेला असतो. सवय मात्र ‘हाडीमाशी खिळते’ नाहीतर ‘अंगवळणी पडते’, आणि जातीचा माज ‘नसानसांत भिनतो’. आता वरचा माझा संशय आठवा, तो ‘दाट’ होता. गाढ संशय नसतो, दाट विश्वास नसतो. का नसतो? माहीत नाही बाई, नसतो. हे माझ्या मुलाला पाचवीत असताना कुणी शिकवलं नाही तरी येत होतं, आणि पाच लाख शब्दांची फुशारकी मारणाऱ्या ॲपला येत नाही.

हां, एक गोष्ट ‘दृढमूल’च्या बाजूनं सांगायला हवी, नाहीतर वाटेल हा शब्द नुसता टीकेचा आहे. त्याला ‘होणे’ जोडलं की तो चांगलाही होतो, ‘देशात लोकशाही दृढमूल झाली’ असं लिहितात, तिथे निंदा नाही, अभिमान आहे. म्हणजे समजुतीशेजारी बसला की कपाळाला आठी, आणि लोकशाहीशेजारी बसला की मान ताठ. ‘बद्धमूल’ म्हणून त्याचा एक चुलतभाऊ आहे, तो आता फक्त जुन्या निबंधांत भेटतो, त्याला तिथेच राहू दे. आणि ह्या दोघांचा वैरी म्हणजे ‘निर्मूलन’, त्यातही तेच मूळ, फक्त उपटलेलं. आपल्याकडे अंधश्रद्धा निर्मूलन म्हणतात ते किती विचार करून ठेवलेलं नाव आहे हे मला ह्या कामात कळलं. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर २०१३ च्या कायद्याचा उल्लेख होता, साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला डॉक्टरकडे जाण्यापासून रोखून मंत्रतंत्र करणं हा त्यात गुन्हा आहे. त्या कायद्याच्या लांबलचक नावात अमानुष आहे, अनिष्ट आहे, अघोरी आहे, पण ‘अंधश्रद्धा’ हा शब्द नाही. नामांशी कुणाचं भांडण होऊ नये म्हणून विशेषणांवर भागवलं असावं, असा माझा अंदाज. ‘बिलीफ’ला मी ‘श्रद्धा’ घातलं असतं तर माझंही तेच झालं असतं, पहिल्याच वाडीत कुणीतरी उठून म्हणालं असतं आमच्या श्रद्धेला हात लावायचा नाही. म्हणून ‘समजूत’. ॲपच्या यादीत ‘समजूत’ नव्हतंच!

तर मी शेवटी छानपैकी लिहिलं, ‘समाजात दृढमूल झालेल्या समजुतींमुळे सर्पदंश झालेल्या व्यक्तीस प्रथम मांत्रिकाकडे नेले जाते’. स्वतःवर खूष. आमच्या वाडीच्या आशाताईंना वाचायला दिलं, त्या पाणी भरून आल्या होत्या, कळशी ओट्यावर ठेवून उभ्या उभ्या वाचलं. वाचताना ‘दृढमूल’ला अडखळल्या. परत वाचलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “ताई, हे दृढमूल म्हणजे मुळव्याधीपैकी काय आहे का?”

मी हसले नाही. खरंच सांगते, हसू आलं नाही, लाज वाटली. सकाळपासून खंदक आणि दाणेदारला हसत होते आणि माझं वाक्य पण तेच करत होतं. अर्थ बरोबर, शेजार बरोबर, पण माणूस चुकला. अग्रलेखाचा शब्द पाणवठ्यावर नेऊन ठेवला होता मी. म्हटलं मग तुम्ही कसं सांगाल? तर त्या लगेच, विचार न करता: “डोक्यात बसलंय, असं सांगायचं. आमच्या म्हाताऱ्यांच्या डोक्यात बसलंय, ते जात नाही, पोरांच्या पण बसवलंय.” आणि मग जाताना दारातून परत वळून, “पाळंमुळं म्हटलंत तरी कळेल. पाळंमुळं लई लांब गेलीत त्याची.”

पाळंमुळं! जाड मुळं आणि त्यांचे बारीक तंतू सगळं त्यात आलं, नारळासकट. संस्कृत कोशातून, गीतेतून, किरमिजी किड्यातून फिरून आलेली मी, आणि शब्द शेजारच्या घरातून कळशीबरोबर आला. पुस्तिकेत गेलेलं वाक्य असं आहे: ‘साप चावला की आधी मांत्रिकाकडे न्यायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या आपल्या डोक्यात घट्ट बसलेलं आहे.’ ‘त्यांच्या’ नाही, ‘आपल्या’. तो बदल माझा, पण आशाताईंमुळे सुचला, कारण त्या म्हणाल्या तेव्हा ‘आमच्या म्हाताऱ्यांच्या’ म्हणाल्या होत्या. प्रस्तावनेत, जी डॉक्टर आणि अधिकारी वाचणार, तिथे ‘दृढमूल’ ठेवला, त्याची ती जागा आहे.

आता ॲपबद्दल राहिलेलं पटापट. सपोर्टला मेल केला, ‘मान्यता’ आणि ‘दाणेदार’चे स्क्रीनशॉट जोडून. चार दिवसांनी उत्तर आलं, इंग्लिशमधून, की तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मौल्यवान आहे. शब्द अजून तसेच. उदाहरणाची वाक्यं म्हणून जे देतात ते यंत्रानं पाडलेलं आहे, ‘तो एक दृढ माणूस आहे’, कोण असं बोलतं? फॉन्ट चांगला आहे, मोठा करता येतो, सासूबाईंनाही वाचता येतो. शोधलेल्या शब्दांची यादी ठेवतं ते मला आवडलं. डार्क मोड आहे. बॅटरी खात नाही. ‘आजचा शब्द’ बंद करायचं बटण सेटिंगमध्ये तीन पायऱ्या आत लपवलंय, आणि एकदा त्यात सलग दोन दिवस ‘वांगे’ आलं.

घ्यावं का? शाळेतल्या मुलांना, इंटरव्ह्यूची तयारी करणाऱ्यांना, पटकन एखाद्या वस्तूचं नाव हवंय त्यांना चालेल, पण मग फुकटचंच घ्या, जाहिराती सहन करा. भाषांतर करणाऱ्यांनी ४९९ वाचवा. त्यात जुन्या बाजारात एखादा बऱ्या बांधणीचा कोश मिळतो का बघा, नाही मिळाला तर वर सांगितलेल्या फुकटच्या साइट आहेतच.

वर्गणी मार्चमध्ये संपते आणि ऑटो-रिन्यूअल चालू होतं ते मी काल बंद केलं. बंद करताना ॲपनं विचारलं, ‘आपणास खात्री आहे का?’ खाली दोन पर्याय होते, ‘होय’ आणि ‘रद्द’, आणि रद्द करायचं म्हणजे होय दाबायचं की रद्द हे कळायला मला नवऱ्याला हाक मारावी लागली.